बाकी अकरा अंक

मी हिशेब लिहितो. बातम्या बाकीचे लिहितात.
तालकाउआनोच्या धक्क्यामागे, दोरखंडाच्या दुकानावर
आमची एक खोली आहे. तिच्यात
मासळीच्या पिठाचा वास इतका मुरलाय
की कोरड्या नोटाही मोजताना ओल्या लागतात.

'ला बोया'. दर गुरुवारी, आठ पानं.
बोया म्हणजे बंदरातलं तरंगतं पिंप,
तळाशी साखळी आहे म्हणून वाहून न जाणारं.
आमची साखळी ही वही, आणि तिचीही शिवण उसवलेली.

जुलै. इथला कडक हिवाळा.
कागदाचा भाव दोनदा चढला.
छापखान्याचा म्हातारा एउलोहियो स्वतः जिना चढून आला,
धापा टाकत बसला, बिल काही खिशातून काढेना.
इर्मानं चहा दिला. तो ढवळत राहिला
साखर विरघळून गेल्यावरही.
अशा माणसाचं देणं फार जड.
शिव्या देणाऱ्याचं त्या मानानं हलकं असतं.

बाल्तासारचे चार पगार थकलेत.
तो रात्री टॅक्सी चालवतो आणि सकाळी
मासे डबाबंद करणाऱ्या बायांच्या बोटांवर लिहितो:
कुणाची किती गेली, कुठल्या यंत्रात, कुठल्या पाळीला.
वाचून लोक भर रस्त्यात त्याचा हात हातात घेतात.
ते मी जमेच्या कुठल्या रकान्यात लिहू?

मंगळवारी त्याच कारखान्याचं पाकीट आलं.
शेवटचं पान, रंगीत, बावन्न आठवडे.
अट नव्हती. एकही नव्हती.
आकडा मी तीनदा वाचला. खोटं कशाला बोलू,
मनातल्या मनात मी छापखाना फेडला, भाडं दिलं,
बाल्तासारला एक अख्खी रात्र झोपवलं,
वर एक नवा स्टोव्हसुद्धा घेतला.

"अट नाही, हीच अट," इर्मा म्हणाली.
"तत्त्वाला रॉकेल लागत नाही," मी म्हणालो, "खोलीला लागतं."
मग बराच वेळ कुणी बोललं नाही.
खाली कुणीतरी गिऱ्हाइकाला दोर मोजून देत होतं,
एक हात, दोन हात, तीन हात.

वर्गणीदार तीनशे बारा.
पैसे देणारे एकशे नव्वद.
एक कोळी वर्गणीपोटी शिंपल्यांची पिशवी दाराला अडकवून जातो.
त्या आठवड्याचं संपादकीय जरा खारट होतं.

आणि क्लोरिंदा ओयार्सो, घाटावरची विधवा.
मोजे विणून विकायची. दोन वर्षांची वर्गणी
तिनं आगाऊ भरली होती, चिल्लर, औषधाच्या बाटलीतून.
मी विचारलं होतं, एवढी घाई का?
म्हणाली, तुम्ही टिकाल की नाही याचा भरवसा नाही,
पैसे घेतले असले म्हणजे लाजेनं तरी छापाल.

मे महिन्यात ती गेली.
मुलाचा कोन्सेप्सिओनहून फोन: राहू द्या पैसे, अंक नका पाठवू.
नियमानं खातं बंद करायला हवं.
मी पेन उघडलं, टोपण लावलं, पुन्हा उघडलं.
देण्याच्या बाजूला, कागदवाल्याच्या खाली,
वीजबिलाच्या वर, लिहिलं:
क्लोरिंदा ओयार्सो, बाकी अकरा अंक.

पाकीट अजून खणात आहे.
परत पाठवायला टपालाचे पैसे पडतात,
हे आमचं या आठवड्याचं कारण.

गुरुवारी अंक निघाला. आठाची सहा पानं झाली,
एउलोहियोनं शाई पातळ केली आहे, बोटं मात्र वाचता येतात.
तिचा अंक मी स्वतः घेऊन गेलो, पाऊस होता,
बंद घराच्या दाराच्या फटीत सरकवला.
अर्धा गेला असेल नसेल,
आतून कुणीतरी तो ओढून घेतला.

मी तिथंच उभा. कडी वाजवावी का?
आत पान उलटल्याचा आवाज आला.
फुकट वाचणारा दिसतोय.

जिना चढून वर आलो, वही उघडली.
बाकी दहा.